सुरी छान आहे एवढंच नका सांगू, कापते कशी ते सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात हाताने वस्तू बनवणाऱ्यांवर अधूनमधून लेख येतात, फोटो येतात, ते मी आवर्जून वाचतो. मी स्वतः सुऱ्या बनवतो, म्हणजे पोलादाची पट्टी कापण्यापासून मूठ बसवून धार लावेपर्यंत सगळं हाताने. या कामात माझ्यासारखे बरेच जण आहेत, कोणी नोकरी सांभाळून करतं, कोणी पूर्णवेळ. कोणालाही भेटा, बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतं, की कौतुक भरपूर होतं पण विकत कोणी घेत नाही. मला वाटतं हे दुखणं एकच आहे. कामाबद्दल खरं मत मिळत नाही म्हणून सुरी सुधारत नाही, आणि ज्याच्या हातात ती रोज राहायला हवी तो माणूसच आपल्यापर्यंत पोचत नाही म्हणून गिऱ्हाईकही मिळत नाही. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय, जागा असेल तर छापा.

सुरुवात फोटोपासून करतो कारण आजकाल मत मागायचं म्हणजे फोटो टाकायचा असंच झालंय. फोटोत काय दिसतं? चकाकी दिसते, मुठीचं लाकूड दिसतं, पात्यावरची नक्षी दिसते. पोलादाला उष्णता नीट दिली गेली का, धारेच्या लगेच मागे पातं किती जाड आहे, आणि तासभर धरल्यावर मूठ हाताला लागते का, या तीन गोष्टी फोटोत दिसतच नाहीत, आणि सुरी चांगली की वाईट हे या तिघांवरच ठरतं. बुटाचा फोटो बघून तो चावेल का हे कळत नाही, तसंच हे. मग लोक जे दिसतं त्याबद्दलच बोलणार ना, त्यात त्यांची काही चूक नाही. पण बनवणारा हळूहळू त्या बोलण्याच्या मागे जायला लागतो, नक्षी वाढते, मूठ आणखी भपकेबाज होते, आणि कापण्याच्या बाबतीत सुरी होती तिथेच राहते.

नक्षीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आज दमास्कस म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा दोन वेगवेगळी पोलादं तापवून, ठोकून एकजीव केलेली असतात, उदाहरणार्थ १०९५ आणि १५एन२०. दुसऱ्यात साधारण २ टक्के निकेल असतं, त्यामुळे पातं फेरिक क्लोराइड नावाच्या रसायनात बुडवलं की एक थर काळा पडतो आणि निकेलवाला चमकत राहतो, झाली नक्षी. बिल मोरन नावाच्या अमेरिकन कारागिराने १९७३ साली तिथल्या नाइफमेकर्स गिल्डच्या प्रदर्शनात अशी पाती मांडली आणि तेव्हापासून या प्रकाराला पुन्हा जोर आला. दमास्कस म्हणूनच ओळखलं जाणारं जुनं वुट्झ पोलाद वेगळं, ते मुशीत वितळवून करायचे आणि त्यातली नक्षी पोलादाच्या आत तयार होणाऱ्या कार्बाइडच्या, म्हणजे कार्बन आणि धातू मिळून झालेल्या कडक कणांमुळे उमटायची. दोन्ही सुंदर आहेत, मला दोन्ही आवडतात, पण नक्षी बघून सुरी कापेल कशी याचा काडीचाही अंदाज येत नाही. नक्षीचं काम शिकायचं तर साध्या पोलादाची सुरी नीट कापायला लागली की मग शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

आता कापण्याबद्दल. बहुतेक जण सुरी दाखवताना कागद कापून दाखवतात नाहीतर हातावरचे केस काढून दाखवतात. त्यातून फक्त धार चांगली लावलीय एवढंच कळतं. अगदी मऊ पोलादालासुद्धा केस निघतील अशी धार लावता येते, ती टिकत नाही ही गोष्ट वेगळी. मला विचाराल तर एक जाड गाजर घ्या. सुरी मधोमध दाबा आणि कान देऊन ऐका. धारेच्या मागे पातं जाड असेल तर सुरी थोडी आत जाते आणि मग 'कट्' असा आवाज येऊन गाजर पुढेच फुटतं, म्हणजे पातं कापत नाहीये, पाचरीसारखं फाडतंय. फोडीची बाजू बघा, अर्धी गुळगुळीत आणि अर्धी खडबडीत दिसेल. धार लावायच्या आधी त्या जागी पातं ०.३ मिलिमीटरच्या आसपास असेल तर स्वयंपाकघरातली सुरी आवाज न करता खाली उतरते, तेच ०.८ असेल तर वर कितीही वस्तऱ्यासारखी धार लावा, गाजर फुटणारच. हा फरक डोळ्याला दिसत नाही, जाडी मोजायच्या कॅलिपरला दिसतो आणि हाताला पहिल्याच फोडीला कळतो. नवीन बनवणाऱ्यांच्या सुऱ्या जवळजवळ सगळ्या इथेच अडकतात, कारण पातळ करताना ग्राइंडरच्या फिरत्या खरखरीत पट्ट्यावर, म्हणजे बेल्टवर, पातं तापायची भीती असते, ग्राइंडर हातातून सटकायची भीती असते, मग थांबतात अलीकडेच. आणि फोटोवर कोणीच त्यांना हे सांगत नाही.

परीक्षा कशी असावी याचा एक नमुना म्हणून अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीचं उदाहरण देतो. ही संस्था १९७६ साली सुरू झाली, तीसुद्धा मोरन यांच्याच पुढाकाराने. त्यांच्या जर्नीमन, म्हणजे मास्टरच्या आधीच्या दर्जासाठी एकाच सुरीने मोकळा लटकणारा एक इंच जाडीचा दोर एका फटक्यात तोडावा लागतो, मग दोन बाय चार इंची म्हणतात ती लाकडी फळी दोनदा तोडायची, त्यानंतरही त्याच धारेने केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पातं शिकंजात धरून ९० अंशात वाकवतात, तुटलं की नापास. मला यातलं आवडतं ते असं की काय तपासणार हे आधीच ठरलेलं आहे, त्यात 'छान आहे' म्हणायला जागाच नाही. पण म्हणून प्रत्येकाने आपली सुरी वाकवून दाखवावी असं अजिबात नाही हं. त्या परीक्षेचं पातं मागून मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, कारण ते वाकलं पाहिजे. भाजी चिरायची पातळ सुरी त्या परीक्षेसाठी बनवली तर भाजी चिरायला ती वाईटच होणार. ज्या कामाची सुरी त्या कामाची परीक्षा, आणि ती कोणती हे बनवायला घेण्याआधी कागदावर लिहून ठेवावं.

मत कोणाला विचारायचं? पहिला माणूस म्हणजे दुसरा सुरी बनवणारा. त्याला वापरायला दिली नाही तरी चालेल, नुसती उजेडासमोर धरली तरी त्याला सगळं कळतं. पात्याचे दोन्ही उतार मुठीजवळ एकाच रेषेवर सुरू होतात का, मूठ आणि पोलाद यांच्या मध्ये केसाएवढी फट राहिलीय का, पॉलिशच्या खाली आधीच्या जाड सँडपेपरचे आडवे ओरखडे तसेच राहिलेत का, पात्याच्या पाठीच्या टोचणाऱ्या कडा घासून बोथट केल्यात का नाही, हे सगळं त्याला एका नजरेत दिसतं. फक्त चारचौघांत विचारू नका. चारचौघांत कारागीर एकमेकांशी फार गोड वागतात, समोरच्याचं मन मोडायचं नसतं. बाजूला घेऊन विचारा की ही सुरी तुमची असती तर यातली कुठली गोष्ट तुम्ही पहिल्यांदा परत केली असती. असा प्रश्न विचारला की माणूस नेमकं बोलतो.

दुसरा आणि माझ्या मते जास्त मोलाचा माणूस म्हणजे ज्याचं दिवसभराचं काम सुरीवर चालतं तो. स्वयंपाकी, चामड्याचं काम करणारे, माळीकाम करणारे, जशी सुरी असेल तसे. त्यांना सुरी द्यायची आणि आपण तिथून निघायचं. उभं राहून बघत बसलं तर ते तुमच्यासमोर जपून वापरतील आणि आपल्याला पाहिजे तेच बोलतील. काही आठवडे जाऊ द्या. परत गेल्यावर 'कशी वाटली' विचारू नका, त्याचं उत्तर 'छान' हेच असतं. त्याऐवजी विचारा की ही समोर असताना दुसरी सुरी कधी उचलली आणि का उचलली. कुठलं बोट दुखलं. पहिल्यांदा धार कधी लावावीशी वाटली. आणि गेल्या गेल्या सुरी कुठे आहे ते बघा, पाटापाशी आहे का ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरमध्ये असेल तर तोंडाने कितीही स्तुती केली तरी तुमचं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे.

सुरी परत हातात आली की तोंडाने सांगितलेल्यापेक्षा जास्त तीच सांगते. भिंग घ्या, दिव्याखाली धार वर करून धरा. चांगली धार उजेडात दिसतच नाही. जिथे चमकणारे ठिपके दिसतील तिथे काहीतरी झालंय. ठिपका लांबट असेल आणि नख अलगद फिरवल्यावर एका बाजूला अडकत असेल तर धार मुडपलीय, म्हणजे पोलाद मऊ राहिलंय किंवा त्या कामासाठी धार जास्तच पातळ झालीय. छोटे खाचे पडले असतील तर पोलाद जास्त कडक आहे, टेंपर, म्हणजे कडक केलेलं पोलाद पुन्हा बेताने तापवून चिवट करणं, कमी झालाय, नाहीतर वापरणाऱ्याने हाडात घालून पीळ दिलाय, ते त्याला विचारावं लागतं आणि विचारताना आवाजात आरोप नको. मग मुठीकडे बघा, कुठे काळपट तुळतुळीत झालीय आणि कुठे कोरी राहिलीय, त्यावरून पकड नेमकी कुठे होती ते कळतं, आणि आपण ज्या पकडीसाठी मूठ घडवली ती बरेचदा तिथे नसतेच. डावखुऱ्या माणसाच्या हातून आलेली सुरी तर जरूर बघावी, एका बाजूला फुगवटा दिलेली मूठ त्याला कशी टोचते ते तिथेच कळतं.

'धार लवकर जाते' ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिचा अर्थ लावताना घाई करू नये. पहिला प्रश्न असा की धार लवकर जाते ती पहिल्यांदाच गेली का, का दगडावर पुन्हा लावल्यावरही जातेय? कारण बेल्टवर शेवटची धार काढताना टोकाचा तो अगदी बारीक भाग क्षणात तापतो, रंग बदललेला दिसायच्या आत त्याचा कडकपणा उतरतो, आणि ती पहिली धार टिकत नाही. दगडावर पाण्यासोबत एकदोनदा लावली की खालचं चांगलं पोलाद वर येतं आणि तीच सुरी मस्त टिकते. म्हणजे उष्णतेच्या कामात दोष नव्हता, शेवटच्या पाच मिनिटांत होता. पण पुन्हा लावूनही जात असेल तर मात्र भट्टीकडे वळावं लागतं. १०८४ सारखं साधं पोलाद कडक करायला ते साधारण ८१५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवावं लागतं, चुंबक चिकटायचं थांबतं ते ७७० च्या आसपास, आणि बरेच जण चुंबक सुटलं की लगेच पातं तेलात बुडवतात. तिथे अजून थोडं वर जायचं असतं. तेलही थंड नको, ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेलं हवं. बाहेर काढल्यावर कानस काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे, आणि मग वेळ न घालवता २०० अंशांच्या आसपास दोन दोन तासांचा टेंपर दोनदा द्यायचा, म्हणजे कडकपणा रॉकवेल सी मापात ६० च्या आसपास येतो. वापरणाऱ्याला यातलं काही माहीत असायची गरज नाही, त्याने फक्त 'पहिल्यांदाच गेली' किंवा 'दर वेळी जाते' एवढं सांगितलं तरी आपल्याला कुठे बघायचं ते कळतं. म्हणून तर नेमकं मत एवढं महागाचं असतं.

गंजाचंही तसंच. कार्बन पोलाद ओलं ठेवलं की डाग पडणार, त्यात बनवणाऱ्याचा दोष नाही, पण ते आधी सांगितलं नसेल तर दोष नक्की आहे. डी२ नावाच्या पोलादात १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं म्हणून काही जण त्याची सुरी स्टेनलेस म्हणून खपवतात, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं आणि सुरीला डाग पडतात. गिऱ्हाईकाला हे घरी गेल्यावर सिंकपाशी कळू नये, विकत घेण्याआधी आपल्या तोंडून कळावं.

आता विक्रीचं. माझा अनुभव असा आहे की पहिली खरी गिऱ्हाईकं ही ज्यांना सुरी वापरायला दिली त्यांच्यातून आणि त्यांच्या शेजारी काम करणाऱ्यांतून येतात. सुरी फुकट मात्र देऊ नये. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल माणूस वाईट बोलत नाही, त्याला ते बरं वाटत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच ऐकायचं असतं. उसनी द्यावी, परत कधी घेणार ते ठरवून. ती तारीख आली आणि समोरचा म्हणाला की ही राहू दे, किती द्यायचे सांगा, तर यापेक्षा चांगलं मत जगात नाही. आणि खुशीने परत दिली तर का परत दिली ते विचारा, तेही उपयोगाचं आहे. नातेवाईक आणि मित्रांना 'किती किंमत ठेवू' असं विचारण्यात काही अर्थ नसतो, ते घेणार नसतात. 'मी असतो तर एवढे दिले असते' आणि खिशातून पैसे काढणं यात फार अंतर आहे. किंमत आपल्या बाजूने काढावी, पोलाद, लाकूड, बेल्ट, गॅस, बिघडलेली पाती आणि आपले तास, सगळं धरून. सुरुवातीला ओळख व्हावी म्हणून खर्चाच्याही खाली विकायचं आणि नंतर वाढवू असं बरेच जण ठरवतात, पण ज्यांनी त्या भावात घेतली तेच लोक पुढच्यांना तो भाव सांगतात, मग वाढवणं फार जड जातं.

ऑर्डर आणि आगाऊ पैसे यावर आमच्यात मतभेद आहेत. मी तरी म्हणेन, आधी बनवा, मग विका. पूर्ण पैसे घेऊन मोठी यादी करून ठेवली की प्रत्येक सुरी घाईत होते, उशीर झाला की गिऱ्हाईक चिडतं आणि ज्या कामात आनंद होता ते ओझं होऊन बसतं. अगदी वेगळं काही हवं असेल, जे दुसऱ्या कोणाला विकता येणार नाही, तेवढ्यापुरती थोडी रक्कम आधी घ्यावी.

विकायला काढलेल्या सुरीचा फोटोही वेगळा हवा. काळ्या कापडावर तिरकी ठेवून काढलेला एक असू दे, पण त्यासोबत पाठ वरून दिसेल असा, टाचेकडून, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाकडून, धारेच्या रेषेत बघितल्यासारखा, म्हणजे पातं कसं निमुळतं होत जातं ते कळेल असा, आणि हातात धरलेला, असे साधे फोटो द्या. लांबी, वजन, मुठीपाशी पाठीची जाडी, टोकाजवळची जाडी आणि पोलादाचं नाव लिहा. कडकपणाचा आकडा यंत्रावर मोजला असेल तरच लिहा, पोलादाच्या कंपनीच्या तक्त्यातून उचलून लिहू नका. धार किती टिकते हे मोजायला आयएसओ ८४४२-५ नावाचं मानक आहे, त्यात यंत्रावर वाळूचे कण मिसळलेल्या खास कागदाच्या गठ्ठ्यावर पातं चालवतात. ते छोट्या कारागिराला परवडणारं नाही, पण एकाच दोराचे तुकडे, एकाच कोनात धार लावलेल्या दोन सुऱ्या, एक आपली आणि एक बाजारात सगळ्यांना माहीत असलेली, एवढं केलं आणि जे निघालं ते जसंच्या तसं सांगितलं तरी घेणाऱ्याचा विश्वास बसतो. आपली मागे पडली असेल तरी सांगावं.

सुरी पाठवताना टोक बुचात खुपसून, पात्याला तेलाचा हात देऊन, पुठ्ठ्याची म्यान करून पाठवावी, पार्सल उघडणाऱ्याचा हात कापता कामा नये. आणि दुधारी पाती, बटण दाबून उघडणाऱ्या सुऱ्या, ठराविक लांबीच्या पुढची पाती, घेणाऱ्याचं वय, यावर जागोजागी वेगवेगळे कायदे आहेत, कुरिअरवाल्यांचेही आपले नियम असतात, ते पैसे घेण्याआधी बघून घ्यावेत.

एक गोष्ट मात्र प्रत्येक बनवणाऱ्याने करावी असं मला मनापासून वाटतं. विकलेल्या सुरीची पहिली धार आपणच परत लावून देऊ असं विकतानाच सांगावं. थोडा वेळ जातो, पण आपली सुरी वर्षभर वापरून परत आपल्या टेबलावर येते, तिच्यावर सगळं लिहिलेलं असतं, आणि ती घेऊन आलेला माणूस बरेचदा दुसरी बघूनच जातो.

संपादक साहेब, तुमच्याकडे एक विनंती आहे. पुढच्या वेळी कुठल्याही कारागिराच्या वस्तूचा फोटो छापाल तेव्हा त्याच्या बाजूला ती वस्तू काही महिने वापरलेल्या माणसाच्या चार ओळीही छापा, चांगल्या असोत वा वाईट. आणि ज्या वाचकांच्या घरी हाताने बनवलेली सुरी आहे त्यांनी आज ती जरा उजेडात धरून बघावी, आणि जिच्याबद्दल काही खटकतं तिच्या बनवणाऱ्याला दोन वाक्यं कळवावीत, मूठ कुठे लागते, धार कधी गेली, कशासाठी वापरता आणि कशासाठी वापरत नाही. त्याला राग येणार नाही, तो त्याचीच वाट बघतोय.

आपला नम्र,
सुऱ्या बनवणारा एक वाचक